सार्वजनिक शिल्पाचं छोटं मॉडेल लिलावात घ्यायचंय: मूर की रामकिंकर?

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या गाजलेल्या सार्वजनिक शिल्पाचं फूटभर ब्राँझ मॉडेल दिसलं की आपण नाव आणि किंमत बघतो. मी आधी एक वेगळीच चौकशी करायला सांगेन: हे मॉडेल मोठ्या शिल्पाच्या आधीचं की नंतरचं?

ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर हातात मावेल एवढ्या प्लास्टरच्या आकारापासून सुरुवात करायचा. तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा, मगच मोठं काम हाती घ्यायचा. त्यामुळे त्याच्या मॉडेलमध्ये शिल्पाचा पहिला विचार सापडतो. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी केलेली त्याची पहुडलेली आकृती बघा. मूळ प्लास्टरवर त्याने दोऱ्या चिकटवल्या होत्या. ब्राँझमध्ये त्यांच्या उठावाच्या रेघा झाल्या आणि त्या अंगावरून अशा वळतात की नजर आपोआप मागच्या बाजूला जाते. या मोठ्या शिल्पाची एक प्रत २०१६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात जवळपास अडीच कोटी पौंडांना गेली. छोटी मॉडेलं त्या मानाने पुष्कळ स्वस्त, पण त्यांच्याही बहुधा अनेक प्रती असतात. आपली कितवी, हे विचारायचंच.

शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांचं उलट. 'संथाल परिवार' त्यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात उघड्यावर उभं केलं, सिमेंट आणि लाल मुरमाच्या खड्यांत. अंगावरचा तो खरखरीत पोत आणि माणसाहून मोठा आकार, शिल्पाचा जीव त्यातच आहे. फूटभर गुळगुळीत ब्राँझमध्ये यातलं काय उरणार? शिवाय ते १९८० मध्ये गेले आणि त्यांच्या नावाने विकली जाणारी काही ब्राँझं त्यानंतर ओतलेली आहेत. त्यांच्या 'यक्ष-यक्षी' या शिल्पजोडीची गोष्ट मात्र निराळी. रिझर्व्ह बँकेच्या दिल्लीच्या इमारतीसाठी ती दगडात घडण्याआधी त्यांनी छोटी मॉडेलं केली होती. तसं काही समोर आलं तर जरूर थांबून बघा.

आकार बदलला की काय बदलतं, हे पुण्यातच बघता येतं. शिवाजीनगरच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिल्पकार वि. पां. करमरकरांचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी खालून बघा, मग अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरातल्या संग्रहालयात जाऊन हाताच्या अंतरावरची कामं बघा.

खर्चाचं थोडक्यात: ज्या बोलीवर हातोडा पडतो, ती शेवटची रक्कम नसते. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, कर, वाहतूक आणि विमा. परदेशातून आणलं तर कस्टम वेगळं.

माझा कौल मूरला, बजेट पोचत असेल तर. नाहीतर रामकिंकरांच्या हयातीत ओतलेलं 'यक्ष-यक्षी'चं मॉडेल. 'संथाल परिवार'चं छोटं ब्राँझ मी घेणार नाही, त्यापेक्षा शांतिनिकेतनला जाऊन मूळ शिल्प बघेन. आणि कुठलंही घ्या, कधी ओतलं, कुठल्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात), किती प्रती, हे लेखी मिळाल्याशिवाय बोली लावू नका.