रुग्णसाहित्य केंद्र : सेवा चांगली, पण गल्ल्यावर कोण बसले आहे ते पाहून जावे

सोलापूरच्या पूर्व भागात स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या एका रुग्णसाहित्य केंद्रातून आम्ही सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कॉट, वॉकर आणि कमोड खुर्ची नेली होती. भाडे नाममात्र आहे, अनामत रक्कम साहित्य परत करताच मिळते आणि वस्तू स्वच्छ असतात, त्यामुळे मूळ सेवेबद्दल माझे मत चांगलेच आहे. तिचा दर्जा मात्र दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, कारण वेळेप्रमाणे तिथे बसणाऱ्या माणसांचे वय बदलते.

सकाळी महाविद्यालयीन मुले असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करावे लागते आणि यांतील बरीचशी मुले त्या निमित्तानेच येथे आली आहेत. ती तत्पर आहेत, कॉट टेम्पोत चढवायला आपणहून हात लावतात; पण एअर बेडचा पंप कसा जोडायचा हे विचारले की एकमेकांकडे पाहतात. परीक्षा आली की सकाळचे केंद्र ओस पडते आणि तास पूर्ण झाले की यांतली बहुतेक मुले पुन्हा दिसत नाहीत.

दुपारची पाळी निवृत्तांची. आम्ही नेलेल्या कॉटची डोक्याकडची बाजू वर करणारे हँडल अर्ध्यावर अडकत होते. यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा कामगार, म्हणून आयुष्य काढलेल्या एका काकांनी कॉट आडवी करून दांड्याचे आटे रॉकेलने पुसले, तेलाच्या पिचकारीने दोन थेंब सोडले आणि हँडल माझ्या हातात देत, "आता तुम्ही फिरवा ताई, रात्री मी येणार नाही तिथं," असे म्हणून ते माझ्याकडून चार वेळा फिरवून घेतले. इतकी निगुती मला पैसे मोजून घेतलेल्या सेवेतही क्वचितच मिळाली आहे. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण नोंदवही भरता भरता गिरणीच्या गोष्टी निघतात आणि मागे रांग लागते. या पाळीत स्त्री जवळजवळ नसतेच. पन्नाशीच्या आतबाहेरच्या काही काकू शनिवारी येतात, त्या मुलांच्या शाळा-कॉलेजातून सुटल्यावर येऊ लागल्या; मात्र साठीनंतर त्यांतल्या कित्येक जणी नातवंडे सांभाळायला पुण्याला जातात. पुरुषाला ५८व्या वर्षी जी सवड मिळते ती बाईच्या वाट्याला त्या वयात येईलच असे नाही, ही गोष्ट त्या नोंदवहीतल्या सह्यांवरूनही कळते.

पंचविशी ते चाळिशीचे कोणी समोर दिसत नाही. आपल्या शहरापुरते याचे एक कारण उघड आहे : त्या वयाची बरीच मुले नोकरीसाठी पुण्यात आहेत आणि शनिवार-रविवारीच घरी येतात, जी येथे आहेत ती एमआयडीसीतल्या पाळ्या, घराचे हप्ते आणि लहान मुले यांत अडकलेली आहेत. म्हणून हे वय मुळातच स्वार्थी असते असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेत सरकारी पाहणीनुसार २०१५ साली स्वयंसेवेचे सर्वाधिक प्रमाण ३५ ते ४४ या वयोगटात, म्हणजे २८.९ टक्के होते आणि सर्वांत कमी, १८.४ टक्के, २० ते २४ या वयात. ६५ वर्षांपुढचे लोक प्रमाणाने मध्यमवयीनांपेक्षा कमी होते, पण वर्षाकाठी सर्वाधिक तास तेच देत होते. तिथे मुलांची शाळा आणि खेळाचे संघ पालकांना कामाला लावतात. आपल्याकडे शाळा पालकांना बोलावते ती सभेला आणि फी भरायला. याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली, तिशीच्या आत, वैद्यकीय पथकातून चीनला गेले, हे खरे. पण तेव्हा त्यांच्यामागे संसार नव्हता, हेही विसरू नये.

विशेष म्हणजे हा वयोगट या केंद्रातही आहे, फक्त दिसत नाही. कोणती वस्तू कोणाकडे आहे याची यादी पुण्यात नोकरी करणारा एक तरुण मोबाइलवर सांभाळतो. रात्री उशिरा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर त्याच्याकडूनच आले आणि दुसऱ्या दिवशी वॉकर कुठे मिळेल तेही त्यानेच सांगितले. असे असूनही केंद्राच्या दारावर "स्वयंसेवक हवेत" या पाटीखाली अट लिहिली आहे : आठवड्यातून किमान दोन दिवस, सकाळी दहा ते एक. नोकरी करणाऱ्या माणसाला ती पाळता येणार नाही हे उघड आहे. रविवारी घरोघरी जाऊन कॉट परत आणणे, रात्रीचे फोन घेणे, हिशेब जुळवणे ही कामे त्याच पाटीवर लिहिली, तर कॉट परत करण्यासाठी टेम्पो शोधत फिरण्याची वेळ आमच्यासारख्यांवर येणार नाही. मला सर्वांत जास्त मनस्ताप त्याचाच झाला.

यंत्राची किंवा कॉटची गरज असेल तर दुपारीच जावे आणि हातात वेळ ठेवावा. वॉकर, काठी अशा वस्तूंना सकाळ बरी. आधार कार्डची झेरॉक्स सोबत न्यावी आणि अनामतीच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा, कारण सकाळच्या मुलांना जुनी नोंद सापडत नाही.