न्यूयॉर्कचं सरकारी ‘इंटरनॅशनल स्टडीज’ हायस्कूल: फी शून्य, स्टार साडेतीन

शाळेचं नाव टाकत नाहीये, कारण लेक अजून तिथेच आहे आणि पुढची पेरेंट-टीचर मीटिंग मला शांततेत पार पाडायचीय. पण दर वर्षी सप्टेंबर आला की आठवीतल्या मुलांचे आईबाप फोन करकरून या शाळेबद्दल तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. 5 पैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी हे प्रकरण काय आहे ते. इंटरनॅशनल म्हटलं की आपल्याकडे एसी बस, घोडेस्वारी आणि लाखांतली फी डोळ्यासमोर येते. सासूबाईंनी डोंबिवलीहून पहिला प्रश्न हाच विचारला, “फी किती गं?” शून्य म्हटल्यावर पलीकडे दोन मिनिटं शांतता, मग “असं कसं, मग शिकवतात तरी का?” शिकवतात हो. ही साधी पब्लिक स्कूल आहेत, सिटीची. 2003 मध्ये एशिया सोसायटी या न्यूयॉर्कच्या ना-नफा संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशातून अशा शाळांचं एक नेटवर्क सुरू केलं, तेव्हा ब्लूमबर्ग मेयर होते आणि हजारो पोरांची मोठाली, निकाल गाळात गेलेली हायस्कूलं बंद करून त्याच इमारतींत मजल्यागणिक छोट्या शाळा काढायचा सपाटा चालू होता, त्या लाटेत या पण निघाल्या. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला हेन्री स्ट्रीट स्कूल फॉर इंटरनॅशनल स्टडीज (आता तिचं नाव बदललंय), स्टेटन आयलंडला सीएसआय हायस्कूल फॉर इंटरनॅशनल स्टडीज, न्यूयॉर्कबाहेर डेन्व्हरला पण एक आहे. आमची त्यातली नाही पण त्याच घाटाची, एका यत्तेत शंभराच्या आसपास मुलं, बस.

एक सावध करते, नावं वाचून फसू नका. इथे ‘इंटरनॅशनल हायस्कूल’ नावाच्या वेगळ्या शाळा आहेत, 1985 ला लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात पहिली निघाली, त्या नुकत्याच अमेरिकेत आलेल्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी आहेत, फार चांगल्या आहेत पण इथेच वाढलेल्या तुमच्या पोराचं तिथे काम नाही. अ‍ॅस्टोरियाचं बॅकालॉरिएट स्कूल फॉर ग्लोबल एज्युकेशन म्हणजे आयबी, इंटरनॅशनल बॅकालॉरिएट हा वेगळा अभ्यासक्रम, तिथे मार्क बघून घेतात. आणि युनायटेड नेशन्सचं इंटरनॅशनल स्कूल प्रायव्हेट आहे, त्याची फी सासूबाईंना सांगूच नये.

अ‍ॅडमिशनचं मी ऐकून होते तेवढं काही भयंकर नाही. आमच्या वेळी 12 शाळांची यादी भरायची होती, डिसेंबरात फॉर्म बंद आणि मार्चमध्ये नंबर कुठे लागला ते कळतं. हे सगळं 2003-04 च्या सुमारास आलेल्या अल्गोरिदमवर चालतं, ते बनवणाऱ्यांतल्या अल्विन रॉथना 2012 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी जवळपास 30,000 मुलांना यादीत नसलेल्याच शाळेत टाकायचे म्हणे, नवीन पद्धत आली त्या पहिल्या वर्षी तो आकडा 3,000 च्या आसपास आला. सांगायचा मुद्दा हा की चलाखी करू नका, जी मनापासून हवी ती एक नंबरला टाका. खाली टाकून काही फायदा होत नाही आणि वर टाकून तोटा तर नाहीच, तरी आपली मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर गणितं मांडत बसतात.

आता शिकवण्याकडे येते. ग्लोबल हिस्ट्री इथे सगळ्याच शाळांत नववी-दहावीला असते, त्यात मिठाचा सत्याग्रह आणि फाळणी सगळेच शिकतात, त्यामुळे ब्रोशरवर ‘जगाचा अभ्यास’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. फरक मला दिसला तो प्रोजेक्टमध्ये. एशिया सोसायटीचे चार खांब आहेत, जगाचा शोध घ्या, दुसऱ्याची बाजू समजून घ्या, आपलं म्हणणं पोचवा आणि काहीतरी करा, आमच्या शाळेने ते उचललेत आणि वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेत. मला वाटलं झालं, भिंतीवरच राहणार. तर दहावीला लेकीने विषय घेतला शहराचं पाणी. न्यूयॉर्कचं बरंचसं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरातून नुसत्या उतारावर वाहत येतं, मुंबईचं भातसा-तानसा-वैतरणेकडून येतं, दोन्ही शहरं लांबचं पाणी पितात. तिने नकाशे काढले, तक्ता केला, माझ्या दृष्टीने काम उरकलं होतं. बाईंनी परत पाठवलं. शेरा एका ओळीचा, “धरणाशेजारी राहणारा माणूस यात कुठे आहे?”

मग सुरू झालं. अशोकान धरणासाठी शंभरेक वर्षांपूर्वी गावं उठवली, सुमारे 2,000 माणसं हलवली, कबरी सुद्धा खणून दुसरीकडे नेल्या, हे आम्हाला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, नळ सोडला की पाणी येतं एवढंच माहीत. आणि तिकडे शहापूर तालुक्यात भातसा-तानसा उशाशी असून उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. माझ्या मावसभावाचं सासर शहापूरकडचं, त्याच्या सासऱ्यांना हिने तिच्या त्या मोडक्या मराठीत फोन लावला, ते तासभर बोलले, मध्येच म्हणाले “बाळा, पाईप आमच्या शेतावरनं जातो, पाणी नाय थांबत.” ते वाक्य तिने आधी मराठीत, मग इंग्रजीत पोस्टरच्या मधोमध लिहिलं. प्रेझेंटेशनच्या संध्याकाळी शाळेतला एक सिक्युरिटीवाला, पोर्तो रिकोचा माणूस, त्या पोस्टरपुढे बराच वेळ उभा राहून तिला प्रश्न विचारत होता. साडेतीनमधले अडीच स्टार त्या बाईंचे आहेत, शाळेने वाटून घ्यावेत.

आता रड. भाषा. ज्या शाळेच्या नावातच जग आहे तिथे भाषेची ही दशा असेल असं वाटलं नव्हतं. ओपन हाउसला, म्हणजे अ‍ॅडमिशनआधी शाळा दाखवतात तेव्हा, सांगितलं चारही वर्षं मँडरिन, बारावीपर्यंत मुलं बोलायला लागतील. मँडरिनला शिक्षक किती? एक. दुसरी भाषा? स्पॅनिश, तीही एकाच शिक्षिकेवर. दुसऱ्या वर्षी ऐन मध्यावर मँडरिनचे सर दुसऱ्या शाळेत गेले, आणि पुढे जूनपर्यंत बदली शिक्षक येत होते ज्यांना मँडरिनचा म सुद्धा येत नव्हता, मुलं लॅपटॉपवर ड्युओलिंगो हे भाषेचं अ‍ॅप उघडून त्यातल्या घुबडाशी खेळत बसायची. मार्क मात्र सगळ्यांना छान. तक्रार केली तर प्रिन्सिपल बाई गोड बोलल्या, त्यांचाही इलाज नसावा, कारण यत्तेत शंभर मुलं म्हणजे बजेट तेवढंच, त्यात भाषेचे दोन शिक्षक बसतात, तिसरा नाही, आणि एक गेला की विषयच गेला. शिवाय राज्याने 2011 नंतर भाषेच्या रीजंट्स, म्हणजे राज्याच्या बोर्डासारख्या, परीक्षाच बंद केल्यात, साध्या रीजंट्स डिप्लोमाला भाषेचं एक वर्ष पुरतं. मग ज्याची परीक्षा आहे त्या गणित-सायन्सची जागा आधी भरणार, भाषेची नंतर, कुठलाही हेडमास्तर हेच करेल. पण मग ओपन हाउसला चार वर्षांचं सांगू नका ना!

गंमत अशी की याच छोटेपणाचा फायदा पण आम्हीच घेतलाय. प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक पोर नावानिशी माहीत आहे, लेक सलग दोन दिवस उतरलेला चेहरा घेऊन गेली तर तिसऱ्या दिवशी मला फोन. एमडीआरसी नावाच्या संस्थेने न्यूयॉर्कच्या या छोट्या शाळांचा अभ्यास केला, जागांसाठीच्या लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली, तर नंबर लागलेली जास्त प्रमाणात पास होऊन बाहेर पडली. ते मला पटतं. फक्त ज्याला तीन भाषा, बँड, रोबोटिक्स, वीस एपी (कॉलेजच्या पातळीचे) कोर्स पाहिजेत त्याने मोठ्या हायस्कूलात जावं, इथे येऊन कुढू नये.

परदेश सहलीबद्दल सगळे विचारतात. जाते, दर वर्षी नाही, आणि ती फुकट नाही. बेक सेल, म्हणजे घरचे केक-बिस्किटं विकून, जे जमतं त्यातून थोड्या मुलांचा खर्च निघतो, बाकीच्यांनी घरून द्यायचे, ज्यांना जमत नाही ती मुलं त्या आठवड्यात रिकाम्या वर्गात बसतात. आम्ही पाठवलं नाही, पुण्याला जातो तीच आमची परदेश सहल. खरं तर सरकारी शाळेने हे पैसे काढायला हवेत किंवा सहल काढू नये, अर्धा स्टार इथे कापला, पूर्ण एक भाषेचा. बिल्डिंग चार शाळांत वाटलेली आहे, जिम आणि कॅन्टीन पाळीपाळीने, त्यामुळे जेवणाची सुट्टी कधी सकाळी साडेदहाला सुद्धा येते, डबा देताना लक्षात ठेवा. जाण्यायेण्याचं ओम्नी कार्ड फुकट, दिवसाला चार फेऱ्या, सुट्टीतही चालतं.

मँडरिनचा घोळ झाल्यावर आम्ही एक केलं, ते मराठी घरांनी नक्की करा. न्यूयॉर्क राज्य डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी देतं, इंग्रजी आणि आणखी एक भाषा चांगली येते याचा शिक्का, आणि ती भाषा शाळेत शिकवलेलीच हवी असं काही नाही. मराठीची पण परीक्षा देता येते, अ‍ॅव्हंट नावाच्या कंपनीची स्टँप डब्ल्यूएस नावाची, त्यात फक्त लेखन आणि बोलणं आहे. रविवारच्या मराठी शाळेला, त्या बृहन महाराष्ट्र मंडळाच्या आणि भारती विद्यापीठाशी जोडलेल्या, लहानपणी मारून मुटकून धाडलं होतं ते आता कामाला येतंय. तुमच्या काउन्सेलरला हे माहीत असेलच असं धरून चालू नका, आमच्या काउन्सेलरला मराठी ही हिंदीची बोली वाटत होती. तेव्हा अकरावीच्या सुरुवातीलाच जाऊन बसा त्यांच्यासमोर, कारण पोर्टफोलिओ करून प्रेझेंटेशन पण द्यावं लागतं आणि बारावीत कॉलेजच्या अर्जांतून मान वर काढायला वेळ नसतो.