घड्याळ चांगलं आहे, पण पट्टा रोज धुवा

मुलाने गेल्या दिवाळीत नाडी, झोप, ऑक्सिजन मोजणारं स्मार्टवॉच दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं कुठल्याही घड्याळाला लागू आहे.

आधी चांगलं सांगते. स्वस्थ बसले असताना माझी नाडी ६८ च्या आसपास असायची. फेब्रुवारीत ती आठवडाभर ८५ च्या खाली येईना. दम लागत होता, पण मी तो कामाचा शीण समजत होते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे बरंच कमी. नाडीच्या त्या आकड्यामुळेच मी डॉक्टरांकडे गेले, म्हणून या घड्याळाचे माझ्यावर उपकार आहेत.

मग चिपळूणचा पाऊस सुरू झाला. भांडी घासताना, बंबातल्या कढत पाण्याने अंघोळ करताना, झोपताना घड्याळ हातातच. जुलैत मनगटावर पट्ट्याच्या मापाचा लाल चट्टा उठला. मला वाटलं रबर सोसत नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा उलटा करून बघितला. आत साबण आणि घाम साचून बुळबुळीत थर झाला होता. आठ दिवस हात मोकळा ठेवला, चट्टा गेला. आता रोज संध्याकाळी पट्टा सोडवून साध्या पाण्याने धुते, मागची काच आणि चार्जिंगच्या पिना सुती फडक्याने पुसते. घामाच्या, ओल्या पिना तशाच चार्जरला लावल्या की गंजतात.

अंघोळीला तर काढून ठेवतेच. घड्याळावर लिहिलेलं '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोलीच्या स्थिर पाण्याइतका दाब. पोहायला चालतं, पण कढत पाणी, वाफ आणि साबण आतलं रबरी सील खराब करतात.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधावं. मागचा हिरवा प्रकाश रक्तात किती शोषला जातो यावरून ते ठोके मोजतं. सैल असलं की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. चालायला जाताना घट्ट, घरी आल्यावर एक भोक सैल. सासूबाईंच्या गोंदणावर बांधलं तेव्हा आकडा सारखा उड्या मारत होता, दुसऱ्या हातावर नीट आला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. माझं बघून यांनीही बाजारातून एक स्वस्त घड्याळ आणलं, 'सुई न टोचता शुगर' असं खोक्यावर छापलेलं. एका सकाळी त्यात १०४ दिसले. हे म्हणाले, "आज इन्सुलिन नको." मी हट्टाने ग्लुकोमीटरवर बोट टोचायला लावलं. २३१! माझे हातपाय गार पडले. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलं आहे की त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. दंडावर लावतात त्या साखरेच्या सेन्सरची गोष्ट वेगळी, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर असलं घड्याळ कृपा करून आणू नका.

आणि छातीत दुखत असेल तर आकडे बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ईसीजी काढणारी घड्याळंही हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत.

पावसाळ्यासाठी मी दुसरा रबरी पट्टा घेतला आहे. एक वाळेपर्यंत दुसरा हातात.