कडोली रस्त्यावरची रोपवाटिका: रोपं बुटकी, पण दमदार

मागच्या वर्षी दुसरीकडून टोमॅटोची रोपं आणली. वीतभर उंच, हिरवीगार, युरिया पाजून फुगवलेली. लावल्यावर चौथ्या दिवशी निम्म्यांनी माना टाकल्या. म्हणून ह्या खेपेला इथं आलो. अर्ध्या एकराला 30 ट्रे, 98 कप्प्यांचे, रोप 90 पैशांना.

रोपवाटिकेच्या वैनी रोज सकाळी प्लॅस्टिकचा पाइप आडवा धरून रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवतात. मला वाटलं, दंव झाडतायत. "न्हाई हो सर, असं हलवलं की दांडा जाड हुतोय, उगंच उंच जात न्हाईत." बरोबर आहे. दहावीला विज्ञान शिकवून रिटायर झालो, पण हे मला पाइप बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

एका ट्रेतली आठ रोपं अळीनं कुरतडलेली होती. बदलून देते म्हणाल्या. मीच नको म्हटलं, त्यांचं पुढं काय होतं ते बघायचं होतं. 1972 साली ग्रीन आणि रायन ह्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, की टोमॅटोचं एक पान किड्यानं खाल्लं की न खाल्लेल्या पानांतसुद्धा किड्याचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. तो निरोप पुढं नेण्यात जॅस्मोनिक आम्ल ह्या झाडातल्याच संप्रेरकाचा मोठा हात. पण हेच आम्ल वाढीला लगाम घालतं. कोवळ्या रोपाच्या गाठीला दोन पैसे. त्यात राखणदार ठेवायचा की पोराला दूध पाजायचं?

ती आठ रोपं काड्या रोवून वेगळी ठेवली. पंधराव्या दिवशी शेजारच्यांपेक्षा दोन बोटं बुटकी. फुलोऱ्यापर्यंत बरोबरीला आली. पुढं नागअळी आली ती सगळ्यांवर सारखीच, त्यामुळं मुद्दाम पानं कुरतडायला कुणी जाऊ नका! एकूण 2,940 रोपांत मर झाली ती साठ-सत्तरच.

एक खटकलं. गल्ल्याजवळ 'रोपाची प्रतिकारशक्ती वाढवणारी' साडेतीनशेची बाटली ठेवलीय. आत काय आहे ते लेबलावर ना कन्नडात, ना मराठीत. विचारलं तर, "कंपनीवाल्यानं ठेवलंय की." घेतली नाही, वैनींनी आग्रहही केला नाही. त्या बाटलीचा एक तारा कापून पाचपैकी चार.

ट्रेमागं 15 रुपये डिपॉझिट घेतात. परत करताना धुऊन न्या, माती दिसली की पाच रुपये कापतात.