तिसऱ्या दिवशी आराम देणारी पुडी

उजव्या गालाला बधिरपणा आणि त्याच बधिर जागेत आग, असं माझं दुखणं. तोंडावर पाणी मारलं तरी जीव कळवळायचा. दातांचं समजून एक दाढ काढून झाली. मग डोळ्यांचा आणि तोंडाचा कोरडेपणा, रक्ताचे रिपोर्ट यांचा मेळ घालून डॉक्टरांनी शोग्रेनचं निदान केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उठते आणि कधीकधी चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नसही त्यात सापडते. अझाथायोप्रिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला 2-3 महिने लागतील, रक्त वरचेवर तपासावं लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दीड महिन्यात माझा धीर सुटला आणि नेमका तेव्हाच पुड्या विकणारा तो माणूस भेटला. "या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणजे तुम्हालाच संपवतात. आमची पुडी निव्वळ जडीबुटीची." गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात हे खरंच होतं, संसर्गाची भीती मला होतीच, म्हणून पुढचं खोटंही गळी उतरलं.

तिसऱ्या दिवशी सांधे मोकळे झाले, अंगात तरतरी आली, गालाची आग निम्म्यावर आली. मी आनंदाने रडले. गोळ्या सोडल्या, डॉक्टरांकडे जाणंही सोडलं. पुढे भूक सुटली, झोप उडाली, चेहरा गोल होत गेला. विचारलं तर म्हणाला, "औषध अंगी लागतंय." मी मानलं.

चौथ्या महिन्यात पुड्या संपल्या आणि त्याचा फोन बंद. चार दिवसांत मला उभं राहवेना. उलट्या, रक्तदाब खाली. दवाखान्यात पहिलाच प्रश्न आला, "कुठली पावडर घेत होता का?" पर्समध्ये एक पुडी राहिली होती. ती तपासली, तर आत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच! ज्या गोष्टीची भीती घालून त्याने माझ्या गोळ्या सोडवल्या, तीच तो नाव आणि मात्रा लपवून मला देत होता. स्टिरॉइड बाहेरून येत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. मग बाहेरचं एकदम थांबलं की शरीराकडे स्वतःचं काही उरत नाही. यात माणूस दगावू शकतो.

आता अझाथायोप्रिन पुन्हा चालू आहे, नसेच्या वेदनेवर वेगळी गोळी आहे, आणि स्टिरॉइडची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतेय. बधिरपणा अजून आहे.

पुडीवर घटकांची नावं नसतील आणि महिनोन्‌महिने न हटलेलं दुखणं दोन-तीन दिवसांत पळालं असेल, तर मला वाटला तसा आनंद मानू नका, शंका घ्या. आणि कोणी आधीच अशी पुडी घेत असाल, तर हे वाचून घाबरून एकदम बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. लाज वाटली तरी दाखवा.