नाकापेक्षा मोती जड: माझ्या मापाची ऑफरोड (रस्ता सोडून माती-दगडांत चालवायची) बाईक शोधताना चालवलेल्या गाड्यांचा रिव्ह्यू

आधी माझं माप सांगते, त्याशिवाय या रिव्ह्यूचा कुणाला उपयोग नाही. उंची ५ फूट ३ इंच, वजन ५६ किलो, पायाची आतली लांबी म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत ७३ सेंमी. हे शेवटचं माप पँटच्या लेबलवरून काढू नका, ते चुकतं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची, बस.

दुसरं माप माझ्या दादाचं. ६ फूट १ इंच, ९२ किलो. यातल्या बऱ्याच गाड्या आम्ही दोघांनी एकामागोमाग चालवल्या त्यामुळे एकाच गाडीबद्दल दोन अगदी उलटी मतं मिळाली, आणि खरं सांगायचं तर मला त्यातूनच सगळं कळलं.

सुरुवातीला दादा म्हणाला, "मोठीच घे गं, छोटी घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील." हे वाक्य प्रत्येक नवशिक्याला कुणी ना कुणी ऐकवतंच. मी ऐकलं. पहिली गाडी घेतली ती दोन सिलिंडरची, टाकी भरल्यावर २०० किलोच्या बरीच पुढे जाणारी. नाव घेत नाही कारण गाडीचा काही दोष नव्हता, डांबरी रस्त्यावर फार सुंदर चालायची. पण पहिल्याच दिवशी सुट्ट्या गोट्यांच्या एका चढावर मधेच थांबले, पाय खाली टाकला, तिथे नेमका खड्डा होता आणि गेली आडवी. गाडी पडते तेव्हा धाडकन पडते असं वाटतं ना, तसं होत नाही, ती हळूहळू कलते, आपण दात-ओठ खाऊन धरून ठेवतो, एका कोनापर्यंत ती सावरतेही आणि त्याच्या जरा पुढे गेली की मग काहीच चालत नाही. गाडी जितकी जड तितका हा कोन लवकर येतो. त्या दिवशी चार वेळा पाडली, चार वेळा उचलली, पाचव्यांदा तिच्या शेजारी बसून राहिले आणि मागून कुणी येतंय का याची वाट बघितली.

उचलायची पद्धत मला येत होती बरं का. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढायचा, गाडी गिअरमधे ठेवायची म्हणजे घरंगळत नाही, मग सीटला पाठ टेकवून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरून पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. चालतं हे. एकदा चालतं, दोनदा चालतं. ऑफरोडमधे गाडी दोनदा पडून थांबत नाही हा प्रॉब्लेम आहे.

नंतर लक्षात आलं की "मोठी" या एका शब्दात आम्ही तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. सीसी म्हणजे इंजिनाचा आकार, सीटची उंची आणि वजन. दादाची स्वतःची गाडी केटीएम ३०० ईएक्ससी, टू-स्ट्रोक, पेट्रोलाशिवाय साधारण १०५ किलो! म्हणजे स्वतः १०५ किलोची चालवतो आणि बहिणीला सांगतो मोठी घे. त्याला विचारलं तर म्हणाला अगं मोठी म्हणजे उंच म्हणत होतो मी. धन्य. यातली उंची कमी-जास्त करता येते, ताकद गिअरिंग बदलून आणि मनगट आवरून, म्हणजे थ्रॉटल (हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर) कमी पिळून, थोडीफार आवरता येते, वजनाचं मात्र काही करता येत नाही. सायलेन्सर बदला, बॅटरी बदला, चार-पाच किलो जातील, १९० ची १२० होणार नाही.

कागदावरचं वजन वाचतानाही जपून. कुणी टाकी भरून वजन देतं, कुणी पेट्रोलाशिवाय देतं, कुणी ऑइलसुद्धा न धरता देतं, आणि आपण तिन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करत बसतो. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो धरा. त्यात हे वजन टाकीत, म्हणजे वरच्या बाजूला असतं, त्यामुळे हातांना जास्तच जाणवतं.

आता गाड्या.

हिरो एक्सपल्स २०० ४व्ही. सीटची उंची जमिनीपासून ८२५ मिमी, वजन १६० किलोच्या आसपास. बसल्याबरोबर वाटलं अरे हीच, दोन्ही पायांचे चवडे व्यवस्थित टेकले. रोज वापरायला आणि कच्च्या रस्त्याला बेस्ट, हळू वेगात इंजिन गुरगुरत जातं आणि रस्ता संपला तरी घाबरवत नाही. पण माझ्यासाठी ते १६० किलो म्हणजे माझ्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट, आणि ते चिखलात कळलं. दादासाठी तेच पावणेदोन पट, शीळ घालत फिरवून आणली त्याने. याच गाडीचं प्रो व्हर्जन आहे त्यात लांब सस्पेन्शन येतं आणि सीट ८९१ मिमी होते. इंजिन तेच, पण ६६ मिमीचा फरक पडला की माझ्यासाठी ती वेगळीच गाडी होते. तेव्हा मॉडेलचं नाव ऐकून ठरवू नका, नेमकं कुठलं व्हर्जन ते बघा.

होंडा सीआरएफ३००एल. कागदावर सीट ८८० मिमी, वजन पेट्रोलसकट १४२ किलो. आकडा वाचून मी बसायलाच तयार नव्हते. बसले आणि चकित झाले कारण सीट पुढे एकदम अरुंद आहे आणि सस्पेन्शन मऊ, त्यामुळे बसल्यावर गाडी छान खाली येते.

इथे थोडं थांबून सांगते कारण सीट हाईटचा आकडा बघून निम्मे लोक फसतात आणि मीही फसले होते. तो आकडा रिकाम्या गाडीचा असतो. आपण बसलो की स्प्रिंग दबते, याला सॅग म्हणतात, आणि मोठ्या एन्ड्युरो (खडतर वाटांवरच्या लांब शर्यतींसाठीच्या) गाड्यांमधे मागच्या सस्पेन्शनची साधारण ३०० मिमी हालचाल असेल तर त्यातली एक तृतीयांश म्हणजे १०० मिमीच्या आसपास नुसतं बसल्यावर दबलेली असावी अशी सेटिंग करतात. आता केटीएमच्या ईएक्ससीमधे कंपनीची स्टँडर्ड स्प्रिंग ७५ ते ८५ किलोच्या रायडरसाठी असते. मी ५६ ची. मी बसते तेव्हा ती स्प्रिंग म्हणते कोणी बसलं का? म्हणजे आधीच सीट साधारण ९६ सेंमी, त्यात बुटक्या आणि हलक्या माणसाला ती अजून उंच, आणि उंच-जड माणसाला ती आपोआप खाली येते. असा हा न्याय. आणि फक्त उंचीचा प्रश्न नाही, न दबलेली स्प्रिंग बारीक दगडांवरही चेंडूसारखी उडवते, त्यामुळे हलक्या माणसाने स्प्रिंग बदलणं हा लाड नाहीये, पहिलं काम आहे ते. दादाचं उलटं, तो ९२, त्याने जाड स्प्रिंग टाकून घेतली नाहीतर गाडी मागून बसायची आणि पुढचं चाक वळणावर बाहेर पळायचं.

तर ३००एल. मला आवडली, मनापासून. रस्त्यावरून ट्रेलपर्यंत, म्हणजे माती-दगडांच्या वाटेपर्यंत जायचं, ट्रेल करायची आणि परत चालवत यायचं असेल तर माझ्या मापाच्या माणसाने हिचाच विचार करावा. नुसतं ट्रेलच करायचं असेल तर १४२ मला तरी जास्त होतात, तिसऱ्या तासाला.

दादाची ३०० ईएक्ससी. चालू गाडीवर बाजूने फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) चढून बसावं लागलं मला, घोड्यासारखं. चालायला लागली की मात्र काय गाडी आहे, सायकलसारखी वळते. पण थांबायची वेळ आली की मला आधी दगड शोधावा लागायचा, त्यावर पाय ठेवून थांबायचं, दगड नसेल तर फिरत राहायचं. दोनदा पडले आणि दोन्ही वेळा एकटीने फक्त हँडल धरून उचलली, पाठ टेकवणं वगैरे काही नाही. तेव्हा ठरलं की मला काय हवंय. सीट थोडी उंच चालेल, वजन नाही चालणार.

यामाहा टीटी-आर१२५एलई. वजन ९० किलो, सीट ८०५ मिमी. पाय पूर्ण टेकले, पाडली, उचलली, परत पाडली, हसत होते मी. दादा बसला तर गुडघे हँडलला लागत होते, सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसत होता, फोटो आहे पण टाकणार नाही. मग हीच का नाही घेतली? चाकं. पुढे १९ इंची, मागे १६. मोठ्या ऑफरोड गाड्यांना पुढे २१ आणि मागे १८ असतात आणि तो फरक गोट्यांमधे लगेच कळतो, छोटं चाक खड्ड्यात उतरतं आणि २१ चं वरून जातं. अजून लहान किंवा ४५-५० किलोचं कुणी शिकत असेल तर डोळे मिटून १२५ घ्या. मला अजून थोडं हवं होतं.

आणि शेवटी जी घेतली ती यामाहा टीटी-आर२३०, वापरलेली. २२३ सीसी, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटर, सहा गिअर, सेल्फ स्टार्ट, पेट्रोलसकट ११४ किलो, सीट ८७० मिमी, चाकं २१ आणि १८. कागदावर जुनाट, आणि आहेच जुनाट. पण ११४ म्हणजे माझ्या वजनाच्या दुप्पट, आणि हा माझा अंदाजपंचे नियम झालाय, निव्वळ मातीतच चालवायची असेल तर टाकी भरलेली गाडी आपल्या वजनाच्या दुपटीच्या जवळपास असावी. शास्त्र वगैरे नाही यात, पाडून-उचलून काढलेला आकडा आहे.

सीट ८७० असूनही चालतं कसं? दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडला. थांबताना बूड एका बाजूला सरकवायचं आणि एकच पाय नीट टेकवायचा, दुसरा फूटपेगवर. शिवाय बुटाचा तळवा दोन-तीन सेंमी देतोच. शोरूमच्या फरशीवर दोन्ही टाचा टेकल्या म्हणून गाडी घेणारे मी बघितलेत, मीही त्यातलीच, पण ट्रेलवर फरशी नसते, एक बाजू खोल असते, आणि तिथे कमी उंचीच्या जड गाडीपेक्षा थोडी उंच हलकी गाडी कितीतरी सोपी जाते.

आणि हो, नुसतं वजन बघून उडी मारू नका. यामाहाचीच वायझेड४५०एफ ११० किलोच्या आसपास आहे, म्हणजे माझ्या २३० पेक्षा हलकी! पण ती रेसची गाडी, थ्रॉटलला जरा धक्का लागला की आपण मागे आणि गाडी पुढे. सीसीचं वेड असलेल्यांना एवढंच सांगते की डाकार रॅली या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत २०११ पासून बाईकना ४५० सीसीची मर्यादा आहे आणि ते लोक हजारो किलोमीटर वाळवंट कापतात त्यावर, आपल्याला ओढ्यापलीकडच्या चढासाठी किती लागणार?

गाडी लोअर, म्हणजे बुटकी करण्याबद्दल बरेच जण विचारतात. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडणारा भाग) बदलून दोन-तीन सेंमी खाली येते, पण मग पुढचे फोर्कही (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात नाहीतर गाडी मागे बसते आणि वळायला आळशी होते. साइड स्टँडही मग लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पडते. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) जातो तो वेगळाच. मी फक्त सीटचा फोम थोडा कापला, उंचीपेक्षा कडा जास्त कापल्या, मांड्या जवळ आल्या की पाय आपोआप खाली पोचतो. उंच लोकांनी हे करू नये, त्यांना उलट उंच सीट आणि हँडलखाली रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) लागतात. रायझर लावण्याआधी दादा उभं राहून चालवताना कमरेत इतका वाकायचा की तासाभरात पाठ धरायची. गाडी बघायला गेलात तर नुसतं बसून येऊ नका, फूटपेगवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवा आणि हात हँडलवर आपोआप पोचतायत का बघा. आणि मालक हो म्हणत असेल तर गवतावर आडवी करून एकदा उचलून बघा. नाही म्हणाला तर निदान इंजिन बंद ठेवून दहा पावलं मागे ढकला, चढावर.

माझ्या २३० मधे अजून दोन कामं बाकी आहेत. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात लहान टाकायचाय म्हणजे पहिला गिअर अजून सावकाश चालेल आणि चढावर क्लच कमी दाबावा लागेल. दुसरं, क्लचचा लिव्हर माझ्या बोटांना लांब पडतो, तो थोडा खाली फिरवलाय पण पुरेसं झालं नाही, जवळ घेता येणारा लिव्हर मागवलाय. उंची-वजनाच्या चर्चेत हाताच्या पंजाचं माप कुणीच काढत नाही, आणि दुखतो पहिला तोच.