हेडफोन जॅकसाठी एलजी जी८एक्सचा बूटलोडर मागे नेला: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लिपकार्टच्या बिग बिलियन डेज सेलमध्ये ज्यांनी एलजी जी८एक्स १९,९९० ला उचलला त्यांना स्पेसिफिकेशन सांगायची गरज नाही. आदल्या डिसेंबरात ४९,९९९ ला बाजारात आलेला, स्नॅपड्रॅगन ८५५ चा, दुसऱ्या पडद्याच्या कव्हरसकट मिळणारा फोन एवढ्या पैशात मिळतोय म्हटल्यावर बारा तासांत पावणेदोन लाख नग गेले होते. त्यातले किती तरी आज कपाटात पडून असतील. हे सगळं त्या कपाटवाल्यांसाठी लिहितोय.

लिहायला निमित्त झालं मित्राच्या मुलाचं. त्याच्याकडेही हाच फोन. व्हिडिओ बघून त्याने बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि बाहेरचं सॉफ्टवेअर अडवणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला, पण व्हिडिओ तिथेच संपत होता. फोन फास्टबूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून आज्ञा घेणाऱ्या पडद्यापुढे सरकेना. आमच्या भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला तर "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल" असं सांगून जी रक्कम मागितली, तेवढ्यात नवा साधा फोन आला असता. बोर्ड ठणठणीत होता. बूटलोडरचं एबीएल नावाचं एक छोटंसं पार्टिशन (साठवणीतला कप्पा) जुन्या अवस्थेत राहिलं होतं, एवढाच प्रश्न. पोराने मूळ एबीएलची प्रत काढून ठेवली होती, पण ती पुढे कशाला लागते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती परत चढवली आणि फोन सुरू झाला. चांगला चालणारा फोन अशा कारणाने भंगारात जाणार होता, याचा मला अजूनही राग आहे.

म्हणून आधी तेवढंच नीट सांगतो. फोन चालू करताना सगळ्यात आधी चिपमध्येच कोरलेला प्रोग्रॅम जागा होतो. तो बूटलोडरच्या पहिल्या टप्प्याला, एक्सबीएलला उठवतो, एक्सबीएल पुढच्या टप्प्याला म्हणजे एबीएलला, आणि एबीएल अँड्रॉइडला. प्रत्येक जण पुढच्याची डिजिटल सही तपासूनच त्याच्या हाती कारभार देतो. फास्टबूटच्या आज्ञा या एबीएलमध्ये असतात. आपल्या हातात येणाऱ्या जी८एक्सच्या एबीएलमधून त्या काढलेल्या आहेत, म्हणून हा फोन कॉम्प्युटरला जोडून कितीही वेळा "अनलॉक कर" म्हटलं तरी ऐकायला तिथे कुणी नसतं. अँड्रॉइड ९ च्या काळातलं, कंपनीच्या अभियंत्यांसाठी बनवलेलं एक एबीएल मात्र बाहेर उपलब्ध आहे. त्यात फास्टबूट शाबूत आहे आणि सहीही कंपनीचीच आहे, त्यामुळे एक्सबीएल ते मुकाट्याने स्वीकारतं. माझा फोन अँड्रॉइड ११ वर होता. त्यावर हे जुनं एबीएल लिहायचं, फास्टबूटमध्ये जायचं, कुलूप उघडायचं, आणि मग मूळचं एबीएल परत जागेवर ठेवायचं. बूटलोडर डाउनग्रेड म्हणतात तो इथे एवढाच. जुनं एबीएल पुढच्या अँड्रॉइडला सुरू करत नाही, ते फास्टबूटवरच थांबतं. त्या पोराचा फोन नेमका इथे अडकला होता.

सगळ्या फोनांवर हे चालत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर अँटी रोलबॅकचा (जुन्या आवृत्तीवर परत जाणं अडवणाऱ्या सोयीचा) आकडा ४ झाला आणि त्यानंतर ज्यांनी जुना रॉम (फोनचं सगळं सॉफ्टवेअर) चढवला त्यांचे फोन कायमचे बसले. ते दिवस ज्यांना आठवतात ते "डाउनग्रेड" ऐकलं की अजून दचकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. सॅमसंगमध्येही बूटलोडरच्या आवृत्तीतला तो आकडा एकदा वर गेला की मागे येता येत नाही. जी८एक्सवर ही भिंत आड आली नाही, म्हणून हा मार्ग खुला आहे. दुसऱ्या फोनवाल्यांनी हे वाचून आपल्या फोनवर प्रयोग करू नये.

आता मी हे का केलं. एलजीने ५ एप्रिल २०२१ ला मोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. अनलॉकचे कोड देणारं त्यांचं संकेतस्थळ ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं आणि अपडेटचे सर्व्हर ३० जून २०२५ ला. म्हणजे फोन आहे तिथेच गोठणार. बरेच जण म्हणाले, नवीन घे. पण नवीन कुठला घेऊ? ३.५ मिमीचा जॅक असलेले फोन आज मिळतात, पण बहुतेक सगळे स्वस्त, आणि त्या जॅकमागे जे बसवलेलं असतं ते जेमतेम. महाग फोनांतून तर जॅक जवळजवळ गेलाच. जी८एक्समध्ये ईएसएस कंपनीचा ३२ बिट क्वाड डॅक आहे, म्हणजे डिजिटल फाइलचं आवाजात रूपांतर करणारी खास चिप. हेडफोन जोडला की तो आधी त्याचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) मोजतो आणि जास्त असेल तर जोर वाढवतो. माझ्याकडे जुने, जड, स्टुडिओतले हेडफोन आहेत. साध्या फोनला लावले तर आवाज घशातून आल्यासारखा येतो. याला लावले की कुमार गंधर्वांचा तो वरचा, धारदार स्वर आणि मागचा तंबोरा दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणात श्वास घेतल्याचं कळतं. मी वर्षानुवर्षं सीडी विकत घेतल्या, त्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) काढून ठेवल्या, वडिलांच्या कॅसेटीही उतरवल्या. हे सगळं मेमरी कार्डावर आहे आणि फोनमध्ये कार्डाची जागाही आहे. वेगळा डॅक घेऊन यूएसबीला लोंबकळत ठेवता येतो हे मला माहीत आहे. लोकलमध्ये उभं राहून ते करून बघा, मग बोलू.

तेव्हा अनलॉक करताना एकच धास्ती होती: लिनेज (अँड्रॉइडवर आधारलेला बाहेरचा रॉम) चढवल्यावर क्वाड डॅक राहील का? बाकी काहीही गेलं तरी चाललं असतं.

कामाचं सांगतो. कॉम्प्युटरवर क्वालकॉमचं क्यूफिल (पार्टिशन थेट वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर), ९००८ चा ड्रायव्हर (त्या अवस्थेतला फोन विंडोजला ओळखू यावा म्हणून) आणि या फोनची फायरहोज फाइल (क्यूफिलला फोनशी बोलू देणारा छोटा प्रोग्रॅम) लागते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग आधी चालू करून ठेवायचं. फोन ईडीएलमध्ये (क्वालकॉमच्या आणीबाणीच्या डाउनलोड मोडमध्ये) न्यायला आवाज कमीचं आणि पॉवरचं बटण दाबून धरायचं, पडदा विझला की ती दोन्ही न सोडता आवाज वाढवायचं बटण भराभर दाबत राहायचं. पडदा काळाच राहतो, पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ९००८ दिसतो. लगेच पुढचं केलं नाही तर क्यूफिल "सहारा फेल" असा संदेश देऊन थांबतं. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फोनवर अजून काहीच लिहिलेलं नसतं. यूएसबी २ चा पोर्ट असलेला जुना लॅपटॉप असेल तर तोच घ्या, बराच त्रास वाचतो.

आणि आता जे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो ते: लिहिण्याआधी वाचा. क्यूफिलच्या पार्टिशन मॅनेजरमध्ये एबीएल ए आणि एबीएल बी, बूट ए आणि बूट बी, हे तर काढून घ्याच, पण मोडेमएसटी १, मोडेमएसटी २, एफएसजी, पर्सिस्ट आणि एफटीएम हेही काढून घ्या. फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची जुळणी यांत असते. हे बिघडलं तर फोन सुरू होईल, गाणीही वाजतील, पण सिम लागणार नाही, आणि दुसऱ्या फोनची प्रत तुमच्या फोनला चालत नाही. क्यूफिल प्रत्येक वेळी फाइलला आकड्यांचं लांबलचक नाव देतं. लगेच नाव बदलून पार्टिशनचं नाव द्या, नाहीतर रात्री उशिरा कुठली फाइल कशाची हे कळणार नाही. सगळं दोन ठिकाणी ठेवा. आपल्या मॉडेलची केडीझेड फाइलही (एलजीचं मूळ सॉफ्टवेअर) उतरवून ठेवा. एलजीयूपी या कॉम्प्युटरवरच्या साधनाने फोन मूळ स्थितीत आणता येतो तो याच फाइलमुळे, आणि अधिकृत सर्व्हर बंद झाल्यावर ती भरवशाने कुठून मिळेल हे सांगता येत नाही.

त्यानंतरचं अनलॉक फारच लवकर होतं. जुनं एबीएल लिहिलं, फोन फास्टबूटला आला, आज्ञा दिली, सगळा डेटा पुसला गेला. मग मूळ एबीएल परत. आता फोन चालू करताना दर वेळी इशाऱ्याचा पडदा येतो की सॉफ्टवेअरची खात्री करता येत नाही, बूटलोडर लॉक करा. तो वाचून कुणी खरोखर लॉक करू नका. बाहेरचा रॉम असताना लॉक केलं तर फोन सुरूच होणार नाही.

लिनेजच्या यादीत हा फोन एमएच२एलएम या नावाने आहे. ए आणि बी असे दोन स्लॉट (सॉफ्टवेअरच्या दोन प्रतींच्या जागा) असल्यामुळे रॉमच्या आधी फर्मवेअर दोन्हीकडे सारखं करणारी झिप चढवावी लागते. ती पायरी लोक गाळतात आणि मग पहिल्या अपडेटनंतर फोन अडकला म्हणून ओरडतात.

सुरू झाल्यावर सिमसुद्धा घातलं नव्हतं, आधी हेडफोन लावले. सेटिंगमध्ये क्वाड डॅकचं पान होतं. फिल्टर निवडता आला. आवाज तोच. खरं सांगतो, त्या रात्री मी फोनचं दुसरं काहीही तपासलं नाही.

पुढच्या महिन्यांतलं थोडक्यात. फोन हलका झाला. अँड्रॉइड नवीन, सुरक्षेचे अपडेट नियमित. कॅमेऱ्यासाठी जीकॅम (गूगलच्या कॅमेरा अॅपची आवृत्ती) टाकला आणि मला पुरतो. एलजीचं मूळ कॅमेरा अॅप गेलं, मॅन्युअल व्हिडिओचा शौक असलेल्यांना ते खटकेल. दुसऱ्या पडद्याचं कव्हर मी फार पूर्वी काढून ठेवलं होतं, ते जड आहे आणि चार्जिंगसाठी चुंबकाचा वेगळा तुकडा सांभाळावा लागतो. पण ज्यांनी फोन त्या पडद्यासाठीच घेतला असेल त्यांनी मूळ सॉफ्टवेअरवरच राहावं. गेमपॅड (दुसऱ्या पडद्यावर उमटणारी खेळाची बटणं) आणि त्याच्या बरोबरीच्या सोयी एलजीच्या होत्या, त्या एलजीबरोबरच जातात. बॅटरी मात्र बदलून घेतली. पाठ उघडली की पाण्यापासूनचं संरक्षण संपलं असं धरायचं, पावसाळ्यात मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो.

राहिला पैशांचा व्यवहार. अनलॉक केलेला फोन गूगलच्या प्ले इंटेग्रिटी (फोनशी छेडछाड झाली आहे का हे पाहणाऱ्या) चाचणीत नापास होतो आणि माझ्या बँकेचं अॅप उघडता क्षणी बंद होतं. सुरुवातीला माझं ठाम मत होतं की मॅजिस्क या फोनवर पूर्ण ताबा देणाऱ्या साधनाचे मॉड्यूल टाकून हे लपवता येतं, त्यात विशेष काही नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांना यात पडायची गरज नाही. काही आठवडे तसंच चाललं. मग एका अपडेटनंतर बंद पडलं, दुसरा उपाय शोधला, तो चालला, तोही बंद पडला. एकदा किराणा दुकानात रांगेत उभा असताना अॅपने नकार दिला, खिशात रोख नव्हती आणि मागे माणसं होती.

आता माझं मत वेगळं आहे. बँकेचा व्यवहार या फोनवर करूच नये. ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा लपाछपीवर पगाराचं खातं टेकवून ठेवण्यात शहाणपण नाही, आणि उद्या काही गैरव्यवहार झाला तर आपली बाजू मांडायला जागा राहत नाही. यूपीआय सिमला बांधलेलं असतं, नोंदणीचा एसएमएस त्याच फोनमधल्या सिमवरून जावा लागतो. त्यामुळे बँकेचा नंबर मी घरातल्या एका साध्या, लॉक असलेल्या फोनमध्ये हलवला. मॅजिस्क काढून टाकलं. जी८एक्सवर आता गाणी, नकाशे, वाचन, फोटो आणि दुसऱ्या नंबरचे कॉल. दोन फोन बाळगणं हा खर्च आणि कटकट आहे, हे मान्य. पण यातला एक आधीच घरात होता, म्हणून मला ते परवडलं. ज्यांच्याकडे एकच फोन आहे आणि त्यावरच सगळं चालतं, त्यांना मी हे करा असं सांगणार नाही. या लेखाचा पहिला खर्डा मी मित्रांना पाठवला होता, त्यात "सगळ्यांनी करा" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

पैशांचं गणित मात्र अजूनही माझ्या बाजूचं आहे. १९,९९० आणि एक बॅटरी, एवढ्यात पाच वर्षांहून जास्त काळ गेला. याच्या तोडीचा डॅक असलेला वेगळा प्लेअर घ्यायचा तर तेवढेच, कदाचित जास्त पैसे मोजावे लागतील, आणि त्यावर ना कॉल ना कॅमेरा.

कुणी जुन्या बाजारातून हा फोन घेणार असेल तर दुकानातच वायरचे हेडफोन लावून डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐका, जॅक हलवून खरखर येते का बघा. मग *#०६# दाबून आयएमईआय दिसतो ना, आणि ओईएम अनलॉकिंगचं बटण सेटिंगमध्ये आहे ना व हलतं ना, एवढं तपासा. बटणच नसेल तर तो फोन परदेशातल्या कॅरिअरने (मोबाइल सेवा कंपनीने) विकलेला असू शकतो. गाण्यांपुरता घ्यायचा असेल तर घ्या, पण अनलॉकच्या हिशेबाने पैसे देऊ नका.